डॉक्टरांच्या समाचाराला कोण जातं?

पत्र, थोडक्यात: "मी पशुधन विकास अधिकारी, म्हणजे गुरांची सरकारी डॉक्टर आहे. वय तेहतीस. मूळ गाव सोलापूर जिल्ह्यात. सहा वर्षं सिंधुदुर्गात, किनाऱ्याकडच्या एका तालुक्यात श्रेणी एकच्या दवाखान्यात आहे. गेली दोन वर्षं शेजारच्या दोन दवाखान्यांचा अतिरिक्त कार्यभारही माझ्याकडेच. नवरा पुण्यात नोकरीला, पाच वर्षांचा मुलगा माझ्याजवळ. रात्रीचा कॉल आला की त्याला शेजारच्या काकूंकडे झोपवून निघते. सहा महिन्यांपूर्वी एक अडलेली गाय बघायला गेले. दीड दिवस कळा देत होती, गावातल्या कुणीतरी हात घालून वासरू ओढून पाहिलं होतं. मी पोहोचले रात्री अकराला. वासरू आतच मेलेलं, गर्भाशय फाटलेलं. तीन वाजता गाय गेली. घरच्या म्हातारीनं हात धुवायला कढत पाणी दिलं. सकाळी गावच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरत होता: 'मॅडमच्या हलगर्जीपणामुळे गाय मेली.' तेव्हापासून फोन वाजला की छातीत धडधडतं. रात्री तीनला जाग येते ती येतेच. गोठ्याच्या दारात पाय अडतात. लम्पीच्या वर्षी रोज मरणारी वासरं बघून मी घरी येऊन जेवत होते, आणि आता मुलाचं मांजर हरवलं तर दोन तास रडले. दवाखान्यात एकटी असले की कपाटाच्या किल्लीकडे लक्ष जातं. ते जाऊ दे. मला एवढंच सांगा, नोकरी सोडून पुण्यात कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात जाऊ का? की मी या पेशालाच लायक नाही? गुरांच्या डॉक्टरनं इतकं हळवं असून चालतं का?"

प्रिय डॉक्टर,

तुमचे प्रश्न पत्राच्या शेवटी आहेत. माझं उत्तर त्यांच्या आधीच्या दोन वाक्यांपासून सुरू झालं, आणि ते छापून यायची वाट मी पाहिली नाही. पत्राखाली नंबर होता, म्हणून त्याच संध्याकाळी फोन केला. आपण तासभर बोललो, त्यानंतरही दोनदा बोललो. इथे जे लिहितेय ते तुमच्या परवानगीनं, गावं आणि खुणा पुसून. तुमच्यासारखेच आणखी कितीतरी जण गाडीच्या डिकीत औषधांची पेटी घेऊन या किनाऱ्यावर फिरत असतील, त्यांनीही वाचावं म्हणून.

तुम्ही लिहिलंत, 'ते जाऊ दे.' ते मी जाऊ दिलं नाही. फोनवर सरळ विचारलं, जीव द्यावा असं मनात येतं का? तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मागे मुलाच्या कार्टूनचा आवाज येत होता. मग हो म्हणालात. इतर वाचकांना इथे एक सांगते: हा प्रश्न विचारल्यानं समोरच्याच्या मनात तो विचार नव्यानं शिरत नाही. बहुतेक वेळा माणसाला सुटल्यासारखं वाटतं, की निदान एकाजवळ तरी हे बोलता आलं. त्यामुळे आपल्या माणसाबद्दल शंका आली तर आडवळणानं विचारू नका. शब्द उच्चारा.

त्याच रात्री आपण किल्लीचं ठरवलं. मरणाच्या विचाराची लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते. त्या वेळात हाताशी काय आहे आणि जवळ कोण आहे, यावर सगळं ठरतं. तुमच्या पेशात धोक्याची औषधं रोजच्या वापरात असतात, म्हणून तुमच्यासाठी ही गोष्ट इतरांपेक्षा जास्त महत्त्वाची. कपाटाची किल्ली दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यातल्या मदतनीसाकडे, परिचरांकडे. कपाट उघडायचं ते दोघं हजर असताना, आणि वहीवर दोघांची सही. तुम्हाला धास्ती होती की ते कारण विचारतील. कारण सांगायची सक्ती नव्हती, पण तुम्ही सांगितलंत. त्यावर ते एवढंच म्हणाले, "मॅडम, माका दिसत होतां." सहा महिने एक माणूस रोज तुमच्याकडे बघत होता आणि कसं बोलावं ते त्याला कळत नव्हतं. हे ऐकून तुम्ही फोनवर रडलात. मलाही बोलवेना.

दुसरी गोष्ट, 14416 हा नंबर. टेली-मानस ही मनाच्या त्रासात फोनवर मदत देणारी सेवा केंद्र सरकारनं 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू केली. फोन फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. रात्री तीनला जाग येते म्हणालात. त्या वेळी नवऱ्याला उठवायचा संकोच वाटतो, माझा फोनही लागेलच असं नाही. तो नंबर मात्र रात्री तीनसाठीही आहे. तुमच्या मोबाईलमध्ये 1962 असेलच, जनावरांच्या फिरत्या पथकाचा. त्याच्या खाली हा सेव्ह करा.

आता 'हळवं असून चालतं का' या प्रश्नाकडे येते. फोनवर मी तुम्हाला नऊ प्रश्न विचारले होते, आठवतात? गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, कशात मन लागतं का, स्वतःबद्दल काय वाटतं, आणि नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. जगभर डॉक्टर नैराश्य मोजायला ही प्रश्नावली वापरतात. सत्तावीसपैकी गुण असतात, दहा किंवा त्याहून जास्त झाले की तज्ज्ञाला दाखवायचं, आणि नवव्या प्रश्नाला 'हो' असेल तर बेरीज कितीही असो, थांबायचं नाही. तुमची बेरीज सतरा आली. गाईचा ताप एकशे एक-दोनच्या आसपास हवा, आणि थर्मामीटरवर एकशे पाच दिसला तर 'ही गाय हळवी आहे' असं तुम्ही कधी म्हणता का? हा ताप आहे, डॉक्टर. त्याला औषध आहे.

कामाचा शीण आणि नैराश्य यांत फरक करायला हवा, कारण दोन्हींचे उपाय वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये बर्नआउटला आजार न मानता कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून आलेली स्थिती म्हटलं: माणूस गळून जातो, कामाबद्दल कडवटपणा येतो, आपल्याकडून काही होत नाही असं वाटू लागतं. त्यावर मुख्य उपाय म्हणजे कामाचं ओझं बदलणं. तुम्हाला तेही आहेच. पण रजेतसुद्धा तीनला जाग येत असेल, मुलाबरोबर किनाऱ्यावर जाऊनही आत काही हलत नसेल आणि ती एकच रात्र पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असेल, तर नुसत्या विश्रांतीनं भागणार नाही. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं लागेल. गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहूनही जास्त. पहिल्या आठवड्यात 'काही उपयोग नाही' म्हणून सोडू नका. अँटिबायोटिकचा कोर्स अर्ध्यावर सोडणाऱ्याला तुम्ही किती बोलता ते आठवा.

तुमची अडचण मला कळली: 'जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत माझेच शेतकरी भेटतील.' जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमामुळे ही सोय जिल्ह्याच्या ठिकाणी आली हे चांगलंच झालं, तुम्हालाही पुढे तिचा उपयोग होईल. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्कही दिलाय. पण ओपीडीच्या बाकावर शेजारी कोण बसेल ते कायद्याच्या हातात नाही. म्हणून पहिल्या भेटीसाठी तालुक्याबाहेर जा. सिंधुदुर्गातली माणसं मोठ्या दुखण्याला गोव्यात बांबोळीला जातातच. तिथेच मानसोपचाराचं मोठं सरकारी रुग्णालय आहे. कोल्हापूर आहे. तुम्ही कोल्हापूर निवडलंत, कारण घाट चढलं की मोकळं वाटतं म्हणालात. चालेल. पुढच्या भेटी फोनवर किंवा व्हिडिओवर घेता येतील का, ते तिथेच विचारून घ्या.

तुमच्या लायकीबद्दल लिहिण्याआधी थोडी माहिती देते, धीर यावा म्हणून. अमेरिकेत 1979 ते 2015 या काळात मरण पावलेल्या अकरा हजारांहून जास्त पशुवैद्यांच्या नोंदी तपासून केलेला अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. तिथल्या सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत आत्महत्येनं जाण्याचं प्रमाण पुरुष पशुवैद्यांत 2.1 पट आणि स्त्री पशुवैद्यांत 3.5 पट निघालं. ब्रिटनमध्येही आधीच्या अभ्यासांत तीन-चार पट आढळलं होतं. म्हणून ब्रिटनमध्ये 'व्हेटलाइफ' नावाची पशुवैद्यांसाठीच चोवीस तासांची मदतसेवा आहे, आणि अमेरिकेत 2014 मध्ये एका नावाजलेल्या पशुवैद्य स्त्रीच्या मृत्यूनंतर पशुवैद्यांनीच 'नॉट वन मोअर व्हेट' हा आधारगट सुरू केला. एवढ्या वेगवेगळ्या देशांतले, एकाच पेशातले लोक जर याच वाटेनं कोलमडत असतील, तर खोट एकेकीच्या स्वभावात शोधण्यात अर्थ नाही. ती वाट तपासायला हवी.

तुमच्या पुण्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तरही यातच आहे. त्या अमेरिकन अभ्यासात जीव दिलेल्यांपैकी बहुतेक जण कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यांत काम करणारे होते. तिथे रात्री अकराला खाडीपलीकडच्या वाडीत जावं लागत नाही, हे खरं. पण दहा वर्षं सांभाळलेल्या कुत्र्याला शेवटची सुई द्यायची वेळ येते. उपचार शक्य असून मालकाकडे पैसे नसतात. आणि गावच्या ग्रुपऐवजी शहरभर वाचले जाणारे रिव्ह्यू असतात. काम बदलेल, तुम्ही त्याच असाल, आणि हा ताप अंगात घेऊनच जाल. माझं स्पष्ट मत आहे की सतरा गुणांच्या मनानं राजीनाम्यावर सही करू नये. सहा महिने उपचार घ्या, मग हाच प्रश्न मला पुन्हा विचारा. तेव्हाही पुण्याला जावंसं वाटलं तर मी आनंदानं 'जा' म्हणेन. मुलाला वडील रोज भेटतील, हे कारण एकटंच पुरेसं आहे. पण जाल ते चांगल्या डॉक्टर म्हणून जा. पळालेल्या म्हणून नको.

तोवर रजा. अर्जित रजा शिल्लक आहे म्हणालात. तज्ज्ञांचं प्रमाणपत्र मिळालं की वैद्यकीय कारणाची रजाही मिळते. शिवाय राज्य सरकारी सेवेतल्या स्त्रियांना साऱ्या नोकरीत मिळून 180 दिवसांची बालसंगोपन रजा आहे, ती तुम्ही अजून एकदाही घेतलेली नाही. का, तर 'मी गेले तर तीन दवाखाने बंद पडतील.' डॉक्टर, तीन दवाखाने एका माणसावर चालत असतील तर ते आत्ताच बंद पडल्यात जमा आहेत. फक्त ते कुणाला दिसू नये म्हणून तुम्ही स्वतःला आडवं घातलंय. रिक्त जागा तुमच्या झोपेतून भरून काढायच्या नसतात. अतिरिक्त कार्यभाराबद्दल वरिष्ठांना लेखी कळवा. गावांची संख्या, आठवड्यातल्या रात्रीच्या कॉलची संख्या आणि लागणारे किलोमीटर, एवढंच लिहा, भावना नको. आकड्यांचं पत्र फाइलला लागतं आणि पुढच्या माणसाच्याही कामी येतं. आणि रात्रीचे कॉल शेजारच्या तालुक्यातल्या दोघा डॉक्टरांबरोबर वाटून घ्या. तुमच्या वाट्याची रात्र नसेल तेव्हा फोन परिचरांकडे किंवा बंद. त्या रात्री एखादी गाय दगावली तरी ती तुमच्या खात्यावर नाही. हे वाक्य तुम्हाला आत्ता पटणार नाही, तरी लिहून ठेवते.

आता मला जे खरं सांगायचंय त्यावर येते.

माझे वडील रत्नागिरी जिल्ह्यात स्टॉकमन होते. आता पशुधन पर्यवेक्षक म्हणतात, तेव्हा गावोगाव 'ढोरांचा डॉक्टर' म्हणत. सायकलवर औषधांची पेटी आणि खांद्याला थर्मास, लशींचा. मी आठ-नऊ वर्षांची असताना पावसाच्या तोंडावर घटसर्पाची साथ आली. तुम्हाला माहीतच आहे, सकाळी गळा सुजलेलं जनावर संध्याकाळ बघत नाही. एका घरची नांगराची जोडी, दोन्ही रेडे, दोन दिवसांत गेले. त्या घरानं लस टोचून घेतली नव्हती, आणि तरी खळ्यात उभं राहून सगळ्यांदेखत वडिलांना बोलले. वडील घरी आले, विहिरीवर आंघोळ केली, पडवीत बसले आणि जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी ते सायकल काढून त्याच घरी गेले. आईनं विचारलं, "तिथं आता कुठलं जनावर राहिलंय?" म्हणाले, "नाही, असंच." परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता, पण रात्री जेवले. पुढे माझ्या लक्षात आलं की ज्या ज्या घरी जनावर जाई, त्या घरी ते तिसऱ्या दिवशी जात. औषध नाही, पेटी नाही. ओटीवर बसत, गुळाचा कोरा चहा घेत, आणि घरचे सांगत ते ऐकत: पाडी असताना कशी आणली, पहिल्यांदा कशी व्याली, कुणाच्या हातचं खायची. मग तेही सांगत, त्या दिवशी त्यांनी काय बघितलं ते. लोकांना वाटे, डॉक्टर उरलेली गुरं बघायला आले. मला कितीतरी वर्षांनी, या समुपदेशनाच्या कामात पडल्यावर उमगलं की ते स्वतःसाठी जात होते.

आपल्याकडे माणूस गेलं की लोक समाचाराला येतात. येणारा प्रत्येक जण विचारतो, कसं झालं? आणि घरचे सांगतात. दहा जणांना दहा वेळा, तेच. पहिल्यांदा सांगताना आवाज फुटत नाही, दहाव्यांदा फुटतो. दुःख त्या सांगण्यातून थोडं थोडं बाहेर पडतं. गाय गेली की त्या घरीही शेजारपाजार येतो, म्हातारी डोळे पुसत सांगते. पण तिच्या शेवटच्या चार तासांत कोपरापर्यंत हात घालून तिच्याजवळ बसलेल्या बाईला कुणी विचारत नाही, कसं झालं? तिला विचारतात, असं कसं झालं? डॉक्टरला सांगता येत नाही, खुलासा द्यावा लागतो.

हे मी तुमच्याच बोलण्यात ऐकलं. त्या रात्रीबद्दल विचारलं तेव्हा तुम्ही मला वेळा सांगितल्यात. कॉल किती वाजता आला, किती वाजता पोहोचलात, कुठली सलाईन लावली, किती वाजता गाय खाली बसली. चौकशी अधिकाऱ्यापुढे बोलावं तसं. मी म्हटलं, मला खुलासा नकोय. मग पाचेक मिनिटांनी तुम्ही म्हणालात, "शेवटी तिनं मान माझ्या मांडीवर टाकली होती. पाय बधिर झाले तरी मी हलले नाही." सहा महिन्यांत हे वाक्य तुम्ही पहिल्यांदा उच्चारलंत. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

याला इंग्रजीतून आलेलं एक नाव आहे, करुणेचा थकवा. नाव प्रचारात आहे, पण मला ते पुरेसं वाटत नाही. ज्या बाईनं पाय बधिर होईपर्यंत मेलेल्या वासराच्या आईची मान मांडीवरून काढली नाही, तिची करुणा थकलेली नाही. तिला ती ठेवायला जागा मिळालेली नाही. त्यात आणखी एक टोचणी असते, जी गुरांच्या डॉक्टरांना माणसांच्या डॉक्टरांपेक्षा जास्त छळते: काय करायला हवं ते कळत असतं आणि करता येत नाही. दोन तास आधी बोलावलं असतं तर. इथे शस्त्रक्रियेची सोय असती तर. मालकाकडे पैसे असते तर. ज्याच्यावर आपला ताबा नव्हता त्या गोष्टीचा दोष मन आपल्यावर घेतं, कारण असहाय असण्यापेक्षा दोषी असणं सोपं वाटतं. मी एका ज्येष्ठ पशुवैद्यांना तुमचं नाव-गाव न सांगता ती केस विचारली. दीड दिवस अडलेली, बाहेरच्यानं ओढाताण केलेली, गर्भाशय फाटलेलं. ते म्हणाले, "त्या पोरीनं चार तास प्रयत्न केले? मी असतो तर मालकाला तासाभरात सांगून टाकलं असतं." तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. तुमच्या पेशातल्या माणसाचं मत म्हणून लिहितेय.

2021 च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर मी तिकडे समुपदेशनाला गेले होते. दुकानदार, शिक्षक, आजी-आजोबा, सगळ्यांशी बोललो आम्ही. गोठ्यागोठ्यांतली फुगलेली जनावरं मोजत, नुकसानभरपाईसाठी शवविच्छेदनाचे कागद करत फिरणारे पशुसंवर्धन खात्याचे लोक समोरून जात होते. गाळानं माखलेले, नाकाला रुमाल बांधलेले. त्यांच्यापैकी एकालाही मी विचारलं नाही, तुम्ही कसे आहात? मला ते सुचलंच नाही. तुमचं पत्र आलं तेव्हा आधी ती माणसं डोळ्यांपुढे आली.

म्हणून तुम्हाला एक काम देते, आणि ते तुम्हीच करायला हवं असं नाही, कुणीही सुरू करावं. जिल्ह्यातले चार-पाच पशुवैद्य, सरकारी-खासगी कसेही, महिन्यातून एकदा कणकवलीला भेटा. कणकवली सगळ्यांना सारखी पडते. प्रत्येकानं एक केस सांगायची, शक्यतो गेलेली. पहिली दहा मिनिटं कुणी औषध सुचवायचं नाही, 'मी असतो तर' म्हणायचं नाही. फक्त ऐकायचं. माणसांच्या डॉक्टरांसाठी लंडनमध्ये मायकेल बॅलिंट यांनी 1950च्या दशकात असे गट सुरू केले, आजही ते चालतात. तुमच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे म्हणालात, पण तिथे उठून उभ्या राहिलेल्या गाईंचेच फोटो येतात. दुग्धज्वरानं आडवी पडलेली गाय कॅल्शियम चढताना कान हलवते, उठते, तो क्षण मीही लहानपणी पाहिलाय, त्याचा फोटो टाकावासा वाटणारच. टाका. पण न उठलेल्या गाईचंही एक ठिकाण हवं.

व्हिडिओचं थोडक्यात. ग्रुपवर उत्तर देऊ नका. प्रत जपून ठेवा, केसपेपरसोबत एक पानाचं टिपण वरिष्ठांना द्या आणि ग्रुपमधून बाहेर पडा. गावच्या सूचना परिचर सांगतील. आणि हे वाचणाऱ्या गोठेवाल्यांना हात जोडून विनंती: पाण्याची पिशवी फुटून दोन तासांत वासराचे पाय दिसले नाहीत तर स्वतः ओढू नका, बोलवा. आणि डॉक्टर काम करत असताना मोबाईल वर धरू नका, कंदील नाहीतर बॅटरी धरा.

तुमच्या यजमानांशी मी बोलले, तुम्हीच सांगितलंत म्हणून. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मी तर कधीपासून सांगतोय, सोड ती नोकरी." मी त्यांना सांगितलं की ते वाक्य तुम्हाला 'तुझ्यानं होत नाही' असं ऐकू येतं. त्याऐवजी रोज रात्री साडेनऊला फोन करून विचारा, आज कुठल्या वाडीत गेली होतीस? आणि सुचवू नका काही. महिनाभर ते शनिवार-रविवार इकडे येणार आहेत. कोल्हापूरलाही तेच सोबत असतील.

उरली ती म्हातारी. तुमच्या चार पानी पत्रात सगळं तुमच्याविरुद्ध आहे, फक्त एक ओळ सोडून: घरच्या म्हातारीनं हात धुवायला कढत पाणी दिलं. ती ओळ तुम्ही का लिहिलीत, तुम्हालाही सांगता आलं नाही. रात्री तीनला, दाराशी गाय मेलेली असताना, चूल पेटवून पाणी तापवणारी बाई तुम्हाला दोष देत नव्हती. व्हिडिओ तिनं काढला नव्हता. तिच्याकडे तुमचा तिसरा दिवस राहिलाय. आत्ता लगेच जाऊ नका. औषधाला महिना होऊ दे, झोप लागू दे, मग परिचरांना बरोबर घेऊन दिवसाउजेडी जा. पेटी दवाखान्यातच ठेवा. ती काय म्हणेल मला माहीत नाही. कदाचित रडेल, कदाचित तुमच्या मुलाची चौकशी करेल, कदाचित नुसताच चहा ठेवेल. तिनं विचारलं, तर मान मांडीवर टाकल्याचं तिला सांगा. तिच्या गाईचं ते आहे, तिला कळायला हवं.

कोल्हापूरची भेट गुरुवारी अकराला आहे. बुधवारी रात्री नऊला मी फोन करते. फोन वाजला आणि छातीत धडधडलं, तरी उचला.

तुमची,
ताई